फुल फ्रेम आणि आईचं पारणं

३० मार्च. पाडवा.
जळगावहून कॅमेरा आला. फुल फ्रेम! सेन्सर चक्क काडेपेटीएवढा. धाकट्या भावाच्या, संयमच्या मोबाईलचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, आणि तो मला फोटो शिकवणार! आईच्या वर्षीतपाचं पारणं आखाजीला, अक्षय तृतीयेला आहे. या वयात वर्षभर एक दिवसाआड उपास केलेत तिने. मागणी एकच: पारण्याचा सगळ्या घरादारासोबत एक झकास फोटो, बाबूजींच्या फोटोशेजारी लावायला. संयम म्हणाला फोटोग्राफर सांगू. घरात मी असताना? विषय संपला.
मुहूर्तावर कॅमेऱ्याची पूजा केली. बरोबर काचेच्या मध्यभागी कुंकवाचा टिळा. नंतर रुमालाने पुसला.

२ एप्रिल
आमच्या दुकानासमोर ट्रायल. शेजारच्या झिपरू आबांना उभं केलं. फोटो बघून आबा म्हणे, हाई धुकं शे का? चाळीसगावात, एप्रिल महिन्यात, धुकं! डोकंच सटकलं. जळगावच्या दुकानदाराला फोनवर झाप झाप झापला. तो म्हणे, बॉडी उत्तम आहे, सोबतची लेन्स साधी आहे. मोठ्या सेन्सरला लेन्सही तशीच लागते, नाहीतर तिचे दोष जास्तच उठून दिसतात. मग विकताना काय तोंडात गुटखा होता?

१० एप्रिल. महावीर जयंती.
मिरवणुकीचे फोटो काढले. माणसं गाळणीतून बघितल्यासारखी. आई म्हणाली, पारस, मोतीबिंदू काढायच्या आधी मला अस्संच दिसायचं. रूपल हसली. बायको म्हणवते! रागाने जेवलो नाही. दिवस मावळल्यावर स्टँडवर भेळ खाल्ली. रात्री न खायचा नियम मोडल्याचं पाप संयमला लागो.

१९ एप्रिल
धुळ्याला जाऊन भारी लेन्स आणली. नारळापेक्षा जड. दुकानातल्या दुकानात भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढून बघितला. तारखेखालची तिथी, तिथीखालचा राहुकाळ, सगळं टकाटक! मोठा सेन्सर, भारी लेन्स. माझा अभ्यास खरा ठरला. दुकानदार म्हणत होता, जुनी लेन्स खराब नाही, तिच्या काचेवर काहीतरी चोपडलंय, पुसून बघा. दिला झिडकारून. मला काच पुसायला शिकवतो!
निर्धार: पारण्यापर्यंत नव्या लेन्सला कोणी बोट लावायचं नाही.

२६ एप्रिल
संयमने परत फोटोग्राफरचं काढलं. म्हणे, दादा, निदान मोबाईलवर तरी दोन-चार काढू दे. भडकलो. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, पारण्याला ज्याने मोबाईल बाहेर काढला त्याला पंगतीतून उठवीन. आता सगळे गप्प आहेत. धाक पाहिजेच.

३० एप्रिल. आखाजी. सकाळी.
नवी लेन्स बिनपूजेची कशी वापरणार? मागच्या वेळी कुंकू कोरडं होतं, म्हणूनच गुण आला नसावा. या वेळी तेलात कालवलं. चांगला ठसठशीत टिळा लावला. मग झब्ब्याच्या टोकाने गरागरा पुसला. सगळ्यांचे मोबाईल गोळा करून कपाटात, किल्ली माझ्याकडे.

दुपारी.
आईने उसाचा रस घेतला. पहिल्या घोटाला तिचे डोळे भरून आले. सगळेच रडत होते. मी नाही, मी क्लिक, क्लिक, क्लिक. स्क्रीन तपासली नाही. उन्हात काही दिसत नाही, आणि जातिवंत फोटोग्राफर मागे वळून बघत नसतो.

१ मे
सत्यानाश. एकूण एक फोटो धुरकट, वर लालसर झाक. आई कुठली आणि रसाचा गडवा कुठला, पत्ता नाही. धुळेवाल्याला फोन लावला. शिव्या तोंडात तयार होत्या. तो उचलेपर्यंत आईने कॅमेरा मांडीवर घेऊन पदराने काच पुसली. पदर लाल झाला.
मी फोन ठेवला. म्हणालो, सेन्सर मोठा आहे म्हणूनच एवढंसं कुंकूसुद्धा टिपलं. रूपलसुद्धा हसली नाही.
मग आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, जीव नको जाळू रे. परत वर्षीतप धरते. पुढच्या आखाजीला काढ.
मला वाटलं चेष्टा करतेय. आत्ता रूपल सांगून गेली, आईने चहा परत पाठवला.