हरवलेली दुसरी किल्ली

३ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ८.
आजपासून रोजनिशी. चांगल्या घरमालकाकडे सगळं लेखी हवं.

खालच्या मजल्यावर आठ महिन्यांपासून अण्णा आणि त्यांची लेक राहतात. ती हॉस्पिटलात नर्स. अण्णांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. आता पंच्याहत्तरीतही खिडकीशी टेबल मांडून लोकांची घड्याळं उघडून बसतात. माणसं सोन्यासारखी, वादच नाही. पण परवा खालून ठकठक ऐकू आली. ॲग्रीमेंटमधलं कलम नऊ: भिंतीत खिळा ठोकायचा नाही. हे कलम मी स्वतः सुचवलं होतं, वकिलालासुद्धा सुचलं नव्हतं.

लेक ड्यूटीवर, अण्णा फिरायला. डुप्लिकेट किल्लीने आत जाऊन इन्स्पेक्शन केलं. (दुसरी किल्ली हरवली असं त्यांना सांगितलं होतं. तेव्हा ती खरोखरच सापडत नव्हती. दहा मिनिटांनी सापडली. मग सांगायचं राहून गेलं.)

निष्कर्ष: खिळा एक. त्यावर लंबकाचं जुनं घड्याळ. खिळा आहे की चिकटवायचा हुक, हे बघायला घड्याळ उतरवलं तर ते बंदच पडलं. माझ्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे वेळ लावली, लंबकाला टिचकी मारली, परत टांगलं. कोणाच्या बापाला कळणार नाही.

४ फेब्रुवारी.
कळलं. म्हणजे घड्याळ सात मिनिटं पुढे आहे एवढंच कळलं. अण्णा जिन्यात भेटले. हसत होते, पण ओठांनीच. म्हणाले, हे घड्याळ तीस वर्षांत अर्धं मिनिट चुकलं नाही, आज मागे करून बरोबर लावावं लागलं. लेक म्हणते, अण्णा, परवा पुसताना तुमचाच हात लागला असेल.

मी माझं घड्याळ मुद्दाम सात मिनिटं पुढे ठेवतो. वक्तशीर माणसं तसंच करतात. तरी उशीर होतो, तो रस्त्यांमुळे.

अण्णांना म्हटलं, होतं असं कधीकधी. मनाला लागलं थोडं. उद्या सांगून टाकावं.

५ फेब्रुवारी.
डोकं दुखत होतं.

७ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.
सांगण्यापेक्षा कृती बरी. काल विचार आला, आपण घड्याळ हलवलंय, ते मध्येच थांबलं तर म्हाताऱ्याच्या जिवाला घोर. लेक ड्यूटीवर होती, अण्णा फिरायला गेल्यावर पुन्हा आत गेलो (शेवटचं) आणि घड्याळाला चावी देऊन टाकली. चौदा फेरे, अगदी घट्ट होईपर्यंत. याला म्हणतात प्रायश्चित्त. हलकं वाटलं. वर येऊन दोन कप चहा घेतला.

८ फेब्रुवारी, रविवार.
अण्णा दर रविवारी सकाळी नऊला घड्याळाला चावी देतात. मला काय माहीत!

लेक वर आली होती. सांगत होती, अण्णांनी चावी लावली तर ती फिरेना. आधीच भरलेली. घरात तिसरं माणूस नाही, म्हणजे अण्णांनीच दिली असणार. आणि अण्णांना ती दिल्याचं काडीचंही आठवत नाही. तासभर चावी हातात धरून खुर्चीत बसले होते म्हणे.

ही ऐकत होती. (ही म्हणजे माझी बायको.) म्हणाली, अगं बाई, अण्णांचं असं? त्यांना तर माझ्या माहेरच्या सगळ्यांची नावं पाठ आहेत.

मी पंख्याकडे बघत होतो.

९ फेब्रुवारी.
ठाम निश्चय करून खाली गेलो. दार उघडल्यावर तोंडातून आलं, नळ गळतोय का? अण्णा म्हणाले, थोडा. दुपारी प्लंबर बोलावून नवा नळ बसवला. स्वतःच्या पैशाने. चार महिने ते मागत होते.

१३ फेब्रुवारी.
खालच्या बाथरूमला नवा बल्ब. दाराच्या बिजागऱ्यांना तेल. खिडकीची जाळी बदलली. ही म्हणाली, तुम्ही एवढे चांगले वागायला लागलात, काय करून ठेवलंय? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते यालाच, असंही म्हणाली. कोणाला उद्देशून ते विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार.
अण्णांनी घड्याळाखाली चिठ्ठी चिकटवली आहे: ‘चावी दिली. तारीख १५. वेळ ९.’ खाली सही. स्वतःच स्वतःला पावती देतात. गॅसपाशीही चिठ्ठी आहे. दारावरही.

हे मी खिडकीतून पाहिलं. आत गेलो नाही. याची नोंद व्हावी.

२० फेब्रुवारी.
लेक त्यांना स्मृतीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. डॉक्टरने कागद दिला आणि सांगितलं, घड्याळ काढून दाखवा. तशी परीक्षाच असते म्हणे. अण्णांनी विचारलं, कोणत्या मेकचं? मग रोमन आकडे, सेकंदाची छोटी तबकडी, सगळं काढलं. डॉक्टर म्हणाला, माझ्यापेक्षा तुम्हीच ठीक आहात, पण वय आहे, लक्ष ठेवा.

मला इतका आनंद झाला! म्हणजे विषय संपला. सांगायची गरजच उरली नाही.

संध्याकाळी अण्णांचं अभिनंदन केलं. ते म्हणाले, “चित्र जमलं हो. पण चावी कोणी दिली?”



२४ फेब्रुवारी.
अण्णांनी लोकांची घड्याळं घेणं बंद केलं. जी होती ती परत पाठवली. हत्यारांची पेटी त्यांच्या एका जुन्या शिष्याच्या दुकानात देऊन टाकली. म्हणाले, दुसऱ्याचं घड्याळ उघडायचं तर आपल्या हातावर भरवसा पाहिजे. खिडकीतलं टेबल रिकामं आहे. त्यावर वर्तमानपत्र घडी करून ठेवलंय.

म्हणजे ती ठकठक त्या टेबलावरची होती तर. आता ऐकू येत नाही. घर फार शांत झालंय आणि मला झोप येत नाही.

रविवारी नक्की.

१ मार्च, रविवार.
मी जाणारच होतो, तेवढ्यात लेकच वर आली. हातात नवी किल्ली. म्हणाली, काका, तुमची दुसरी किल्ली हरवली होती ना, म्हणून मी करून आणली. माझ्या ड्यूटीच्या वेळी अण्णांनी गॅस चालू ठेवला, काही झालं, तर तुम्ही आत जाऊ शकाल. तुमच्यासारखा घरमालक मिळायला नशीब लागतं.

किल्ली घेतली. आता माझ्याकडे हरवलेली एक आणि विश्वासाची एक.

मग पुढचं सांगितलं. महिनाअखेर ती घर सोडणार. नोकरीही. भावाच्या गावी जाणार, तिथे अण्णांजवळ दिवसभर माणूस असेल. अण्णा तयार झालेत. “मला आता एकटं ठेवू नका,” असं ते स्वतः म्हणाले.

तिच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही. तिला वाटलं, भाडेकरू जातायत म्हणून.

२ मार्च.
सांगितलं पाहिजे. मी पापी आहे. बाकी काही लिहवत नाही.

३ मार्च.
काल जरा जास्तच लिहिलं. पापी वगैरे नाही. परिस्थिती तशी आली.

१० मार्च.
योजना सुचली! इतकी साधी कशी सुचली नाही? अण्णांचा गेलेला भरवसा परत आणायचा. माझं मनगटी घड्याळ त्यांच्याकडे दुरुस्तीला द्यायचं. त्यात बिघाड काहीच नाही, म्हणजे ते हमखास दुरुस्त होणार. अण्णा खूश, पेटी परत, घर सोडणं रद्द. आणि कोणाला काही सांगायला नको. साप भी मरे, लाठी भी न टूटे.

१७ मार्च, मंगळवार.
आज मी धैर्याने सगळं कबूल केलं. सविस्तर लिहितो.

सकाळी खाली गेलो. लेकीला सुट्टी होती, ती खोकी भरत होती. अण्णांना घड्याळ दिलं, म्हटलं, जरा बघा, मधूनच अडतं. ते नको नको म्हणाले. मी आग्रह केला. मग घेतलं, कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं. म्हणाले, हे अडत नाही. मग मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पुन्हा हातातल्या माझ्या घड्याळाकडे. पुन्हा भिंतीवरच्या.

“सात मिनिटं पुढे आहे,” अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, हो का?

लेकीचे हात खोक्यातच थांबले.

अण्णांनी हळूच विचारलं, “चावी तुम्ही दिली होती?”

मी म्हटलं, हो. (हेच ते कबूल करणं.)

“किती फेरे?”

“चौदा.”

“बरोबर. चौदाच बसतात.” आणि अण्णा खाली बसले आणि हसायला लागले. इतके हसले की डोळे पुसावे लागले. लेकीला म्हणत होते, अगं, मी शाबूत आहे, मी विसरलोच नव्हतो! मग उठून स्वतःच्या हातांनी माझ्यासाठी चहा केला. मला म्हणाले, बरं केलंत सांगितलंत. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर चहा घशाखाली उतरला असता.

लेक हसली नाही. तिने हात पुढे केला. मी विश्वासाची किल्ली दिली. हात तसाच राहिला. मी हरवलेलीही दिली.

“सहा आठवडे माझा बाप स्वतःवर संशय घेत होता,” ती म्हणाली. “तुम्ही नळ बदलत होतात.”

 

१८ मार्च.
अण्णांची पेटी परत आली. दिवसभर ठकठक. भावाच्या गावी जाणं रद्द, नोकरीही राहिली. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. पण लेकीने हिला सांगितलं, दोन गल्ल्या सोडून दुसरी जागा बघितली आहे, तिथे कुलूप आमचं असेल. अण्णांना इथेच राहायचं होतं म्हणे. हिने मला सगळं विचारून घेतलं. मग जेवण वाढलं आणि उठून गॅलरीत जाऊन बसली.

१ एप्रिल. सकाळी १०.
काल गेले. अण्णांनी जाताना माझं घड्याळ परत दिलं. वेळ अचूक लावून, काच पुसून. काही घेतलं नाही. आज दूध आणायला पोचलो तर डेअरी बंद व्हायला आली होती.

रिकामं घर बघायला गेलो. स्वच्छ पुसलेलं. चिठ्ठ्यांची एकही खूण नाही. भिंतीवर तेवढा तो खिळा. म्हटलं, कलम नऊ काही झालं तरी कलम नऊ. पक्कड घेऊन स्टुलावर चढलो.

ही दारात उभी होती. तिने विचारलं, काय करताय? म्हटलं, भाडेकरूंचा खिळा काढतोय.

म्हणाली, “भाडेकरूंचा कसला? आपण खाली राहायचो तेव्हा तुम्ही ठोकलाय. ऑफिसचं ते वक्तशीरपणाचं सर्टिफिकेट लावायला.”

मग आठवलं. रविवार होता. मोठा हातोडा शेजाऱ्यांकडून आणला होता.

बराच वेळ ओढून बघितलं. निघत नाही. पक्का ठोकलाय मी.