शेजारच्या चोकची घरघर

भोर, कार्तिक शुद्ध अष्टमी, १९४९. दिवेलागण.

सदूच्या दुकानात ट्यूब लागल्यापासून माझा नुसता जळफळाट चाललाय. दोघंही शिंपी, दुकानं लागून, मधे फळ्यांची एकच भिंत. माझ्याकडं कंदील. दिवस मावळला की काळ्या कापडावर काळा दोरा मला दिसत नाही, आणि पासली गावाहून आलेली माणसं त्याच्या उजेडात जाऊन उभी राहतात. माझीच जुनी गिऱ्हाइकं!

ट्यूबला वीज बेतानं पोचवणारा लोखंडी डबा असतो, चोक म्हणतात त्याला. तो त्यानं मधल्याच भिंतीवर ठोकला होता. सगळी भिंत घरघरायची. आज सांगितलंच मी, तुझ्या चोकनं माझं डोकं उठतं. डोकं खरं कशानं उठतं, ते मलाच ठाऊक.

वाटलं होतं, भांडेल. तर म्हणाला, "आदी का न्हाई सांगितलं, काका? काडतो की हितनं." लगेच काढून पलीकडच्या भिंतीला लावलासुद्धा. एवढं चांगलं वागायची काय गरज होती?

आता घरघर नाही. काम बाजूला ठेवून कंदिलापाशी हे लिहितोय, आणि भिंतीपलीकडचं त्याचं मशीन स्वच्छ ऐकू येतंय. थांबतच नाही मेलं.