खाणीतली खोटी हाक

अण्णा, तुम्ही जिथं दगड फोडलात त्या खाणीचं आता तळं झालंय. काठाला कुंपण आहे, सकाळी लोक चालायला येतात. परवा मी तिथं जाऊन एक दगड टाकला आणि तरंग कुठवर जातात ते बघत उभा राहिलो. कारण तुमची नात.

तिला चेन्नईत नोकरी मिळालीय, राहायचं समुद्राजवळ. तेवढ्यात तिच्या आईनं फोनवर काहीतरी पाहिलं: कुठल्याशा दूरच्या बेटावरचा ज्वालामुखी फुटणार, अर्धा डोंगर समुद्रात घसरणार, लाटा शहरं बुडवणार. पोरगी हसत माझ्याकडे आली. "पप्पा, दगडातलं तुम्हाला कळतं. खरंच होईल असं?"

कळतं खरं. चामराजपेटेत माझं ग्रॅनाइटचं दुकान आहे. सर्जापूर रोडच्या नव्या फ्लॅटांतली गिऱ्हाइकं फरशी डोळ्यांनी निवडतात, मी टिचकी मारून कानानं. ते शिक्षण तुमचं. तो दिवसही आठवतो. कड्यावरून अख्खी शिळा सुटते, खाणीतल्या पाण्यात जाते आणि समोरच्या काठावरचे आपले जेवणाचे डबे लाट उचलून नेते. तुम्ही ओल्या धोतरानं हसताय. "रोज गाडीभर चुरा ओततो, तेव्हा नुसतं डुबुक. एकदम गेला तरच लाट, बघ." आणि लांबच्या टोकाला धुणं धुणाऱ्या बायकांच्या घोट्यालाही पाणी चढलं नाही.

एवढंच पोरीला सांगायचं होतं. डोंगर बहुधा तुकड्या-तुकड्यानं ढासळतो. अख्खा गेला तर जवळच्या किनाऱ्यांची गत वाईट, पण लांब जाता जाता लाट पसरते, दमते. कधीच होणार नाही असं कुणी लिहून देणार नाही, पण त्यापायी नोकरी सोडायची नसते. सगळं जिभेवर होतं. आणि मी तोंड पाडून म्हणालो, "सांगता येत नाही, बाळ. आपलं बेंगळूर उंचावर आहे, तेच बरं." तिचं हसू गेलं. आज संध्याकाळपर्यंत तिला कंपनीला कळवायचंय, आणि ती नाही म्हणायच्या बेतात आहे.

खाणीत एक गोष्ट कुणालाच माफ नव्हती. काही ऐकू न येता "दगड सुटला!" ओरडणं. मी एकदा ओरडलो होतो. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सगळे हत्यारं टाकून पळाले, पळताना तुमचा गुडघा फुटला. "काय ऐकलास रे?" तुम्ही विचारलंत. "तडा गेल्यासारखं," मी म्हणालो. दुपारनंतर काम बंद. दगड काही सुटला नाही. मुकादम कुरकुरला, तर तुम्ही लंगडत पुढे झालात. "माझ्या पोराचा कान आहे, स्वामी. आला असेल आवाज." तो गुडघा शेवटपर्यंत दर थंडीत तुम्हाला छळत राहिला.

आत पोरीनं चहाच्या भांड्यावर झाकण आदळलं. म्हणजे आता उत्तर लिहायला बसेल. उठतो. समुद्राचा काही संबंध नाही, तू गेल्यावर घर खायला उठेल म्हणून बोललो, असं तिला सरळ सांगतो.

आणि हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहितो. त्या दुपारी मला काहीच ऐकू आलं नव्हतं, अण्णा. ही माहेराहून येणार होती. मला घरी जायचं होतं.