दानेश्वरीच्या गोळ्या

कोल्हापूर, १३ फेब्रुवारी २०२५

सोमशेखर,

मंगळवारी, ११ तारखेला, दुपारी चार वाजता पोराला पाजताना तुझ्या सुनेचे हात आवळले आणि शिवांश मांडीवरून घसरला. आशीर्वाद नंतर देईन.

पोर ठीक आहे. दानेश्वरीला इथं हॉस्पिटलात शिरेतून कॅल्शियम चालू आहे. बोलते, चार घास खाते; पण बाळाला उचलायला घाबरते.

थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये कॅल्शियम सांभाळणाऱ्या ग्रंथी दुखावल्या, म्हणून तर गोळ्या दिल्या होत्या. त्या तू कपाटात कुलूपबंद केल्यास. वर काल फोनवर मला सांगतोस, "अक्का, औषध दुधात उतरतंय की! पोराला बाधंल." डॉक्टरांना विचारलं होतंस? मी विचारलं. या गोळ्या घेऊन पाजायला हरकत नाही, फक्त रक्त वेळच्या वेळी तपासायचं.

ओठांना मुंग्या येतात म्हणून ती सांगत होती, तेव्हा तुम्ही दृष्ट काढलीत. बोटं वाकडी झाल्यावर फिट समजून कांदा हुंगवलात. कांद्यानं भागलं असतं, तर हॉस्पिटलं कशाला बांधली असती?

तुझ्या बीपीच्या गोळ्या घेतोस ना? त्या कुणी कुलपात ठेवत नाही ना?

शनिवारी दुपारी तिला सोडतील. तिला तुझ्या घरी कुरुंदवाडला पाठवायची मला भीती वाटते. फोन करू नकोस, फोनवर तू गोड बोलतोस. गोळ्या तिच्याच ताब्यात राहतील, असं स्वतःच्या सहीनं लिहून तुझ्या मुलाच्या, चन्नवीरच्या हाती शनिवारी सकाळी दहाच्या आत पाठव. नाहीतर तुझी सून आणि नातू शिवाजी पेठेत माझ्याकडेच राहतील.

तुझी थोरली बहीण,
शांताक्का