वहिनीचं दार्जिलिंग

४ जानेवारी २०२६, रविवार
वहिनीचं डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, खीर, वडे. निघताना शेजारच्या कौसाकाकूने सगळ्यांसमोर आईला विचारलं, "मंग, सुनेले माहेरी कधी पाठवता? पयलं बाळंतपण माहेरीच." आई म्हणाली, "पाठवू ना जी. सातवा सरत आला. आठव्यात प्रवास नोको, त्याच्या आधीच."
नंतर आईने दार लावून घेतलं. गावाच्या मते माया वहिनी दार्जिलिंगची. खरं तर ती नेपाळची आहे. दादा ट्रकमध्ये तांदूळ घेऊन सुनौलीला जायचा. तिथे सीमेवर ट्रक रांगेत अडकून पडतात. पलीकडे तिच्या वडिलांचं चहाचं दुकान. परदेशातली मुलगी आणली म्हणून पोलीस तिला नेतील, या भीतीने दादाने दार्जिलिंग सांगितलं. ग्रा.पं.च्या लग्ननोंदीतही तेच.
काकू जाता जाता वहिनीला म्हणाली होती, "येतानी तिकडला चाय आणजो वो बाई." मागच्या वेळी दार्जिलिंगचा म्हणून दिलेला चहा दादाने गोंदियाच्या बाजारातून आणला होता. काकू अजून त्याची तारीफ करते.

७ जाने., बुध.
तांदळाची मिल. ट्रक तोलायच्या काट्यावर माझ्यासोबत धनराज असतो. तो मोबाईलवर वाचत होता. नवा कायदा. पासपोर्ट-व्हिसा नसताना देशात आलं तर पाच वर्षांपर्यंत कैद, नाही तर पाच लाखांपर्यंत दंड, नाही तर दोन्ही.
मी विचारलं, एकच की दोन्ही, हे कोण ठरवतं? कैद संपल्यावर माणसाला नेऊन कुठे सोडतात? त्याचा देश त्याला घेत नसेल तर?
"तुले काऊन एवढी पंचाईत? पाकिस्तानात सासरवाडी करून राह्यला का?"
सगळे हमाल हसले. मीही हसलो. मग एका ट्रकचं वजन दोनदा घेतलं.

९ जाने., शुक्र.
वहिनी उन्हात मेथी निवडत होती. विचारूनच टाकलं, सीमा दिसते कशी?
"गेट है, भाऊजी. इधर की सायकल उधर, उधर की बकरी इधर."
तुम्हाला कोणी अडवलं नाही?
"एक सिपाही ने पूछा, झोले में क्या है. मैंने कहा, शादी की साड़ी. बोला, मुबारक हो."
एवढंच? पाच वर्षांची कैद, आणि दारावर मुबारक हो?
दरेकसाला मामाकडे जातो तेव्हा जंगलात छत्तीसगड कुठे लागलं ते कळत नाही, झाडं तीच. पण ती राज्यं. हे देश.
आणि पोटातलं बाळ? ते जाताना कुठल्या देशाचं असतं, येताना कुठल्या?

१२ जाने., सोम.
सुट्टी काढून गोंदिया, कोर्टाजवळचे वकील. "मित्राची गोष्ट आहे" म्हणालो. ते म्हणाले, "मित्राला सांग घाम पुसायला." सगळं सांगितलं.
"नेपाळची, आणि नेपाळातूनच आली ना? चीन फिरून नाही?"
"नाही जी."
"मग कसला तुरुंग? नेपाळ-भूतानच्या माणसाला या वाटेने यायला व्हिसा लागत नाही. ती आली तेव्हाही नव्हता लागत."
उठून नाचावंसं वाटलं. तरी विचारलं, दुसऱ्या देशाची असती तर? म्हणाले, मग शिक्षा तिच्यापुरती राहिली नसती. आई बेकायदा आलेली असेल तर बाळ इथे जन्मून, बाप भारतीय असूनही, त्याला जन्माने नागरिकत्व नाही. जो अजून कुठूनच आला नाही, त्यालाही शिक्षा. बराच वेळ हेच डोक्यात.
मग त्यांनी चष्मा काढला. "दार्जिलिंग कोणी लिहिलं?"
बाळ तिकडे झालं तर वर्षाच्या आत भारताच्या दूतावासात नोंद करावी लागेल. तिथे लग्नाचा दाखला मागतील. दाखल्यावर दार्जिलिंग, तिच्या नागरिकतेच्या कागदावर नेपाळ. बाळ अडकेल.
दुरुस्ती होते? "होते. समोरचा चूक म्हणेल की खोटेपणा, ते मी लिहून देऊ शकत नाही."
ती आली तो गुन्हा नव्हताच. गुन्ह्याला भिऊन आम्ही जे केलं, तोच गुन्हा.

१४ जाने., बुध. संक्रांत
तिळगूळ कोणाला गोड लागला नाही. दादा ओरडला, "मले का मालूम होतं? मले वाटलं घेऊन जातील तिले!" त्याचं म्हणणं, आधी जाऊ दे, दाखल्याचं मागून पाहू. आईला लोकांची काळजी. बाबा एवढंच म्हणाले, "नातवाले का सांगशीन?"
वहिनी हसायला लागली. "दार्जिलिंग मैंने देखा भी नहीं. सब पूछते हैं वहाँ ठंड कितनी, मैं बोलती हूँ बहुत." मग हसणं थांबवून दादाला, "आधी ते नाव काढा. नाही तर मी जात नाही. इथंच होईल."
मराठीत म्हणाली. दादाने उठून कपाटातून दाखला काढला.

१५ जाने., गुरु.
ग्रा.पं.त दादा, वहिनी, मी. ग्रामसेवकांनी अर्ज दोनदा वाचला. "खोटं काऊन लिवलं जी?" दादा म्हणाला, "भेवापायी." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "वर विचारतो. फोन करीन." वर म्हणजे कोण, ते विचारायचं राहिलं.
बाहेर कौसाकाकू रेशनच्या रांगेत. वहिनी थेट तिच्यापाशी. "काकू, मी दार्जिलिंगची नाही. नेपाळची आहे."
काकूने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.
"मंग तो चाय कुठला व्हता?"
"गोंदियाचा."
"अन् मी सोयरिकीत वाटला ना बापा!"
रांग हसली. काकू नाही हसली.

१६ जाने., शुक्र.
उद्या सकाळची गाडी, गोरखपूरपर्यंत दादा-वहिनीची दोन तिकिटं, पुढे सुनौली. आठवा सोमवारी लागतो. दादा तिकीट रद्द करू म्हणाला, आई नको म्हणाली. दोघांनीही वहिनीकडे पाहिलं. तिने बॅग भरली, टोपडं सर्वांत वर ठेवलं, पण चेन लावली नाही.
दुपारी काकू आली. डिंकाचे लाडू. "नेपाळात भेटते का डिंक? नसन भेटत. घेऊन जा." डबा ठेवून गेली.
ग्रामसेवकांचा फोन नाही. मी मोबाईलची रिंग मोठी करून ठेवली आहे. बॅग दाराजवळ, उघडीच.