मुऱ्हाळी कोण जाणार

दारव्हा
दि. ५ ऑक्टोबर २०२५

चि. संघदीप यास आजीचे अ. आ. आणि जयभीम.

मी बरी आहे. तुझा बाप बरा नाही. पायाचं प्लास्टर अजून निघालं नाही, अन् खाटेवर बसल्या बसल्या तो साऱ्या घराले शहाणपण शिकवून राह्यला. फोनवर मले आयकू येत नाही, समोरही कानाशी बोललं तरच येते, म्हणून कागद घेतला. म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात अक्षरं गिरवली. चुका काढत नको बसू.

काम असं आहे. तुझ्या बहिणीले, आपल्या दीपमालाले, सातवा महिना सरत आला. पहिलं बाळंतपण माहेरी होते. तुमची माय असती तं तिनं आतापर्यंत रान उठवलं असतं. पोरगी सासरहून एकटी निघत नाही, न्यायले मुऱ्हाळी लागते, अन् मुऱ्हाळी म्हणजे भाऊ. भाऊ एकच, तो पुण्यात. आठव्या महिन्यात गर्भारशीनं प्रवास करू नये म्हणतात. मी मानत नाही. पण तिची सासू मानते. आठवा लागला का तिले आयतं कारण सापडलं, पोरगी राजूरलेच अडकली. आपल्या रुपीबाईची लेक त्यांच्याच गल्लीत राहते. ती सांगत होती, मालाचे पाय सुजले, अन् तरी पाण्याचे हंडे तीच आणते. मालाचा फोन सासूच्या कमरेले.

तू बापाले दोनदा शनिवार सांगितला. दोन्ही गेले.

उन्हाळ्यात तू तो कॉम्प्युटरवरचा खेळ खेळत होता, मी बाजूले तूर निवडत बसली होती. त्या राजानं तुले हात जोडून सांगितलं, माझी पोर जादूगारानं बुरुजात कोंडली, सोडवून आण. तू हो म्हटलं. मंग काय केलं? रानातल्या छत्रीसारख्या सात्या तोडल्या, मासे धरले, घोडा घेतला, कोण्या म्हातारीची हरवलेली बकरी शोधून दिली. पोर बुरुजातच. मी विचारलं तं म्हणे, आजी, भटकण्यातच मजा आहे. तवा खेळ होता म्हणून गप बसली.

या पत्राचा राग येईल. येऊ दे, पण त्याच्यासंगं तूही ये.

तुझी आजी,
मथुराबाई


पुणे
दि. ९ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस संघदीपचा सविनय जयभीम, वि. वि.

पत्र पोचलं. बाबांना प्लास्टरमध्ये काडी घालून खाजवू देऊ नकोस, जखम होईल.

तुला खेळ अर्धाच दिसला, आजी. त्या जगात कुठंही जाता येतं, कुणी अडवत नाही. पण जो सरळ बुरुजाकडे धावतो तो दारातल्या पहारेकऱ्याच्या एका फटक्यात मरतो. मी आधी तसाच मेलो होतो. म्हणून भटकायचं, बळ जमवायचं, माणसं जोडायची. तू जिच्या बकरीचं लिहिलंस, त्याच म्हातारीनं मला बुरुजाची मागची वाट सांगितली. आणि ती पोर कितीही दिवस थांबते. आपण पोचेपर्यंत तिला काही होत नाही.

मी इथंही रिकामा बसलेलो नाही. गेल्या शनिवारी, तुझं पत्र यायच्या आधीच, राजूरला जाऊन आलो. चौकातल्या हॉटेलात भजी खाता खाता लोकांना बोलतं केलं. अतुलराव जावई कोळशाच्या खाणीत पाळीवर असतात. माणूस वाईट नाही, पण आईपुढे मान वर करत नाही. त्यांचा थोरला भाऊ सगळ्यांना सांगत सुटलाय की न्यायला कोण येतो ते पाहतोच. वणीत बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई आहेत, समीक्षा मॅडम, बसस्टँडमागे दवाखाना. त्यांना भेटून आलो. म्हणाल्या, केव्हाही घेऊन या. आता सरपंचांची ओळख काढतोय. चार माणसं पाठीशी आली की एकदाच जाईन आणि मालाला घेऊनच येईन.

तोवर धीर धर, आणि माझ्यावरची माया राग संपल्यावर का होईना, राहू दे.

तुझा,
संघदीप


दारव्हा
दि. १४ ऑक्टोबर २०२५

चि. संघदीप, अ. आ.

तू राजूरले गेलता! बहिणीच्या दारापासून हाकेवर बसला, भजे खाल्ले, अन् वापस पुण्याले गेला. हे वाचून पहिल्यांदा वाटलं का मी वाचायले शिकली नसती तं बरं झालं असतं.

तुझ्या खेळातली पोर कितीही दिवस थांबते, कारण तिच्या पोटात काही नाही. काल रुपीबाईची लेक येऊन गेली. मालाचं डोकं ठणकते, डोळ्यापुढं काजवे दिसतात, चेहरा भाकरीसारखा फुगला. सासू म्हणते, पोरगा होणार म्हणून तेज आलं. मी स्वतः पाच बाळंतपणं काढली, त्यातली दोन लेकरं मातीत गेली. हे तेज नाही. तुझ्या बापानं अतुलले फोन लावला, तं तो म्हणे आईले विचारून सांगतो.

पहारेकरी एका फटक्यात मारते म्हणतो. मारू दे, मी कोठी जवान मरून राह्यली! उद्या सकाळच्या जीपनं निघते. मुऱ्हाळी म्हणून बुढी गेलेली आजवर कोणी पाह्यली नसंल, तं आता पाहतील. तुझ्या बापानं खाटेवरून बोंब मारली. मले आयकू आली नाही.

तू आपला सरपंच शोध. आशीर्वाद एकदा दिला का वापस घेता येत नाही, म्हणून आहे.

मथुराबाई


वणी, दवाखाना
दि. १७ ऑक्टोबर २०२५

चि. संघदीप यास अ. आ.

तू गाडीत बसला असं अतुल सांगून राह्यला. हा कागद रुपीबाईच्या लेकीच्या हातानं दारव्ह्याले धाडते. तू घरी उतरला का वाच. बापानं फोनवर अर्धंच सांगितलं असंल.

दारात सासू अन् तो थोरला, दोघंही होते. खूप बोलले. सासूच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, म्हणजे शिव्या चांगल्याच असतील. मले एकही आयकू आली नाही. मी पायरीवर बसली अन् म्हटलं, पोरीचं तोंड दाखवा. आजूबाजूच्या बाया जमल्या. मंग सासूनं मालाले बाहेर येऊ देल्लं. ती भिंत धरत आली. मी समोर, अन् तिचे डोळे माझ्या बाजूले, रिकाम्या दाराकडं. तिले मी दिसूनच नाही राह्यली, बाबू.

 तरी सासूनं बोटं मोजून दाखवली, आठवा लागला म्हणे. मी म्हटलं, बाई, माहेरी नेत नाही, वणीले नेते. डॉक्टरीणबाईचं नाव सांगितलं, दवाखाना कोठी ते सांगितलं. तुझं भटकणं तेवढं कामी आलं. हे एकदाच लिहिते, पुन्हा तोंडानं म्हणणार नाही. थोरला आडवा झाला. तेवढ्यात अतुल पाळीवरून आला, अंगावर कोळसा तसाच. त्यानं बायकोचे डोळे पाह्यले अन् आईले न विचारता गाडी आणली. भावाच्या अंगावरून घातली असती, असा चेहरा होता.

रक्तदाब भयानक वाढला होता. झटके आले असते तं दोघंही गेले असते, असं समीक्षाबाईनं मले कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. आता मालाले दिसते. बाळाचे ठोके आहेत. पण बाई सारखी येऊन पाहते, अन् तोंडावर काही दिसू देत नाही. बाळंतपण होईपर्यंत इथून हलवायचं नाही म्हणते.

मी मालाले म्हटलं, जरा उतार पडला का बाईच्या पाया पडून तुले दारव्ह्यालेच नेते. तिनं माझ्या हातचा कागद ओढला अन् लिहिलं. जसं लिहिलं तसं देते: दादा भटकत आला, तू सरळ आली. सासूनं ठेवून घेतलं, तुम्ही न्यायले निघाले. मले कोठी जायचं, हे कोणी विचारलं का?

मले राग आला. मंग विचारलं. ती म्हणे, कुठीच नाही, इथंच राहते, अन् तू माझ्याजवळ राह. तिचं खरं आहे. तिच्यापुढं मी तसं म्हटलं नाही.

सासू काल डबा घेऊन आली. भाजी खारट होती, तरी खाल्ली. आम्ही दोघी एका बाकावर बसतो. ती बोलते, मी आयकत नाही, बरं जमते.

आता तुझं काम. इकडं नको येऊ. इथं गर्दी करून काही होत नाही. तुझ्या बापाले धरून संडासले नेणारं घरी कोणी नाही, शेजाऱ्यानं किती दिवस करावं? तू तिथं थांब, भाकर टाकायले शिक, फोन जवळ ठेव. मालाशी बोलायचं असलं तं अतुलच्या फोनवर बोल. अन् सांगण्याआधी तिले विचार.

डॉक्टरीणबाई आत्ता पुन्हा मालाच्या खोलीत गेली, संगं दोन नर्सा. दार लावलं. मले बाहेर ठेवलं. जीप सुटायची वेळ झाली, रुपीबाईची लेक कागद मागून राह्यली. मी न्यायले आलती, आता इथून हलत नाही, एवढं बापाले सांग.

मथुराबाई