डोळे न दिलेल्या धाकूस रंधा न लावण्याबद्दल

प्रति,
राजमान्य राजश्री कारभारी साहेब,
नव्या हौदाच्या मंडपाचे काम,
पेठेची कचेरी, पुणे.

विषय: मंडपाच्या चौथ्या खांबावरील होडीतील माणूस तासू नये, याबद्दल विनंती.

संदर्भ: कचेरीचा आषाढ वद्य सप्तमीचा हुकूम.

महोदय,

अर्जदार दिगंबर महादेव, पेठेतील मुलांचा पंतोजी. अर्जदाराची शाळा सुतारशाळेच्या लगतच्या ओट्यावर भरते. मंडपाचे खांब कोरणारा मच्छिंद्र सुतार, मूळचा हर्णैचा, लिहिणे जाणत नाही आणि सांगूनही काही मागत नाही. म्हणून त्याच्यासाठी हा अर्ज अर्जदाराने केला आहे. त्याने लिहायला सांगितले नाही. नको असेही म्हणाला नाही.

१. कचेरीचे कारकून श्रीधरपंत यांनी काम सोपवताना मच्छिंद्रास सांगितले होते, "पाण्याला शोभेल असे काही कोर." पंतांच्या मनात कमळे होती, फार तर एखादा हंस. पुण्यात पाणी म्हणजे कात्रजहून नळाने हौदात येणारे पाणी, हे इथल्या कोणासही सांगावे लागत नाही. मच्छिंद्राचा जन्म समुद्राकाठी गेला. त्याने चारी खांबांवर सुरमई, सरंगे, बांगड्यांचे थवे, खेकडे, दगडाला चिकटलेली शिंपल्यांतली कालवे कोरली, आणि चौथ्या खांबावर जाळे ओढणारा एक माणूस होडीसकट कोरला. सांगितल्याबाहेरचे त्याने काहीच केलेले नाही, असे अर्जदाराचे नम्र मत आहे.

२. पुढे तक्रार झाली की या खांबांमुळे हौदाच्या पाण्याला मासळीचा वास येतो. तक्रारीच्या दिवशी खांब सुतारशाळेत आडवे पडले होते आणि हौदात पाणी सोडलेले नव्हते. तरीही कचेरीने तक्रार दाखल करून घेतली, याबद्दल अर्जदारास काही म्हणावयाचे नाही.

३. श्रीधरपंतांनी तोड काढली की मासा हा मत्स्यावतार धरावा. परंतु अवतार एकच आणि मासे पुष्कळ, तेव्हा एक ठेवून बाकीचे तासावेत. कासव नव्हतेच, नाहीतर तेही सुटले असते. खेकड्याला कोणत्याही पुराणात आधार सापडेना. मच्छिंद्रास विचारले असता तो म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते." पण दुसरे सुतार कोणाकोणाचे डोळे उघडलेत ते कळल्याशिवाय हत्यार लावीनात. त्यांच्यात रीत आहे की आकृतीचे डोळे सर्वांत शेवटी, खांब उभा करण्याच्या वेळी उघडायचे, आणि एकदा उघडले की तिला पोलाद लावायचे नाही. हे कळल्यावर कचेरीने वरील हुकूम काढला: डोळे उघडलेली आकृती मूर्ती समजावी व राखावी, डोळे नसलेली आकृती लाकूड समजावे व रंधा मारून साफ करावे.

४. हुकूम वाचून दाखवताच मच्छिंद्राने पटाशी घेतली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या मासळीला डोळे दिले. चेहऱ्यावर काही नव्हते. जेवताना असते तेवढेही नव्हते. दुसऱ्या दिवशी श्रीधरपंत पाहणीस आले. खेकड्याचे डोळे देठावर असतात, ते डोळे धरावेत की शिंगे, यावर बराच वेळ गेला. अर्जदाराच्या शाळेतील मुलांनी एकमुखाने ते डोळे असल्याचे सांगितल्यावर खेकडे राहिले. कालवांना डोळे नसतात. ती गेली. ती मच्छिंद्रानेच तासली.

५. मुलांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, अर्जदारानेही नाही. धुळाक्षरे गिरवून झाली की मुले खांबांपाशी जातात. मोठ्या माणसांना एका शब्दात उत्तर देणारा मच्छिंद्र मुलांशी थोडे बोलतो. एका मुलाने विचारले, "काका, खेकडा तिरका का चालतो?" तर म्हणाला, "विचारायला गेलो होतो. बोट धरून ठेवलंन." मुले हसली. तो हसला नाही, पण त्याने बोट दाखवले.

६. आता मूळ गोष्ट. सगळ्यांना डोळे मिळाले, होडीतल्या माणसाला मिळाले नाहीत. तो मच्छिंद्राचा धाकटा भाऊ धाकू. हर्णैस मच्छिंद्र होड्या बांधी आणि धाकू त्या पाण्यात नेई. एका वर्षी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून धाकू निघाला, तो होडीसकट परत आला नाही. होडी मच्छिंद्राच्याच हातची होती. त्यानंतर त्याने होडी बांधली नाही. घाट चढून इकडे आला.

अर्जदाराने त्याला समजावले की दोन टोचे मारलेस की भाऊ वाचतो. पाटीवर मुलाला अक्षर समजावावे तसे पुन्हा पुन्हा समजावले. शेवटी तो म्हणाला, "पंतोजी, गेलेल्याचा टाक करून देवात ठेवतात ना? जित्याचा करतात का? आई अजून त्याचं ताट वाढते. त्याची बायको कुंकू लावते. मी डोळे दिले की तो गेला." एवढे बोलून तो पटाशीला धार लावू लागला. अर्जदार चाळीस-एक वर्षे मुलांना शिकवीत आहे. त्याने समजावणे सोडले आणि हा अर्ज लिहायला घेतला.

७. तेव्हा हुकुमाप्रमाणे धाकू आज लाकूड आहे, आणि मंडप उभा राहण्याआधी, म्हणजे या पौर्णिमेच्या आत, तो साफ व्हायचा आहे. कचेरीने खालीलपैकी काहीही मान्य करावे. धाकूस मूर्तीही न समजावे व लाकूडही न समजावे. ते जमत नसेल तर खांब फिरवून होडीची बाजू भिंतीकडे करावी, म्हणजे पाणी भरणाऱ्यांस दिसणार नाही. तेही जमत नसेल तर तो खांब शाळेच्या ओट्यास द्यावा. बदली साधा खांब अर्जदार देईल. छपराला टेकू हवाच आहे, आणि मुलांना डोळ्यांवाचून माणूस पाहण्याची भीती राहिलेली नाही. ती त्याला हाक मारूनच पाटी हाती घेतात.

यांतले काहीच होण्यासारखे नसेल तर शेवटची विनंती मच्छिंद्राची आहे. या सगळ्या प्रकरणात त्याने मागितलेली ती एकच गोष्ट. रंधा त्यालाच चालवू द्यावा. दुसऱ्या कोणाचा हात त्या तोंडावरून फिरू नये. रंध्याला त्याने धार लावून ठेवली आहे.

उत्तराची वाट पाहत ओट्यावरच असलेला,
आपला नम्र,
दिगंबर महादेव, पंतोजी

श्रावण शुद्ध एकादशी,
शके १६९८, दुर्मुखनाम संवत्सर

सोबत: कालवे तासताना निघालेल्या ढलप्या, एक पुरचुंडी. मुलांनी वेचून ठेवल्या होत्या. पाहून झाल्यावर परत मिळाव्यात.